हात फिरे तिथे पॉलिश शिरे

गिटार शिकणाऱ्या माणसाच्या आयुष्यात एफ नावाची एक कॉर्ड येते. तोवर सगळं बरं चाललेलं असतं. ई मायनर दोन बोटांत लागते, सी, जी आणि डी थोड्या रडारडीने का होईना लागतात, शेजारीपाजारी 'काहीतरी ओळखीचं वाजतंय' म्हणायला लागतात. मग एके दिवशी क्लासमधले सर सांगतात की आता तर्जनी आडवी टाकून सहाच्या सहा तारा एकदम दाबायच्या. माणूस दाबतो. सहा तारांतून सहा प्रकारचे 'टक्' निघतात. अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, तर्जनीवर वळ उठतात आणि आतून कुणीतरी विचारतं, "काही पडलं का रे?" त्या संध्याकाळी हा माणूस गिटार मांडीवर घेऊन नुसताच बसतो. वाजवायची इच्छा नसते आणि खाली ठेवावी तर 'फिटली का हौस?' हा प्रश्न दाराआड उभाच असतो. मग तो गिटार ट्यूबलाइटखाली तिरकी धरतो, डोळे बारीक करतो आणि गंभीरपणे म्हणतो, "बोटांचे डाग पडलेत हिच्यावर."

गिटारच्या पॉलिशचा जगभरचा धंदा या एका वाक्यावर उभा आहे, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचं गिटारशिक्षण असंच एफपाशी येऊन थांबलं. काका बँकेतून निवृत्त झालेले. उभा जन्म लोकांच्या सह्या ताडून पाहण्यात गेला, त्यामुळे कुठल्याही पृष्ठभागावरची खोट त्यांना चार हातांवरून दिसते. निवृत्तीनंतर काय करायचं याच्या यादीत योगासनं, मोडी लिपी, नर्मदा परिक्रमा असं सगळं होतं. त्यातून गिटार कशी वर आली हे काकूंनाही सांगता येत नाही. पण आली. शिकवायला येणारा मुलगा जेमतेम तेविशीचा. तो यांना 'काका' म्हणतो आणि हे त्याला 'सर'. एफ लागेना तेव्हा सर म्हणाले, "काका, रोज पंधरा मिनिटं गिटार हातात घ्यायचीच. काहीही होवो." काकांनी हे अक्षरशः पाळलं. पंधरा मिनिटांचा आता तास झालाय. फक्त दुसऱ्या हातात फडकं असतं.

ज्या खणात पूर्वी काकूंच्या कुरडयांचे डबे असत तिथे आता बाटल्या आहेत. एक साफ करायची, एक घासायची, एक चकाकी आणायची, एक चकाकी टिकवायची, एक नुसतीच लिंबाच्या वासाची. शेजारी मेणाची चपटी डबी. आणि फडकी. साधी नव्हेत, मायक्रोफायबरची. निळं साफ करायला, पिवळं मेण लावायला, करडं मेण पुसायला. एखादं फडकं फरशीवर पडलं की ते विटाळलं. पुन्हा गिटारला लावायचं नाही, धुऊनच घ्यायचं. आमच्या आजीचं सोवळं इतकं कडक नव्हतं. ती निदान पोरांना चुकून शिवू द्यायची. यात काकांची चूक काढता येत नाही म्हणा. फरशीवरचा एखादा वाळूचा कण फडक्यात अडकला की पुसणाराच चरे पाडत जातो, आणि ज्या गिटारीवर कधी कुणी जोरात बोटसुद्धा फिरवलं नाही तिच्यावर उजेडात गोलगोल जाळी दिसायला लागते.

प्रत्यक्ष सोहळा पाहण्यासारखा असतो. डबीतून वाटाण्याएवढं मेण पिवळ्या फडक्याच्या टोकावर घ्यायचं. गिटारच्या पाठीवरून सुरुवात, कारण पाठ कुणी बघत नाही. छोटी छोटी वर्तुळं काढत जायचं. मग थांबायचं. चकचकीत लाकडावर हळूहळू दुधट साय धरते. काका चष्मा कपाळावर सरकवतात आणि करंगळीने एक रेघ ओढून पाहतात; रेघ स्वच्छ उठली म्हणजे मेण वाळलं. मग करडं फडकं येतं, साय निघते आणि खालून काकांचा स्वतःचा चेहरा वर येतो. या क्षणाला ते जे हसतात, तसं हसू त्यांच्या चेहऱ्यावर मुलाच्या लग्नातही पाहिल्याचं आठवत नाही. फक्त पुढच्या बाजूला एक अडचण असते. तारांच्या खाली हात जात नाही, आणि ब्रिजच्या कडेला, त्या सहा पिनांच्या मुळाशी, वाळलेल्या मेणाचा पांढरा गाळ साचतो. तो काढायला काका जुना टूथब्रश वापरतात. तो टूथब्रश जुना आहे की नाही यावरून घरात एकदा वाद झालेला आहे.

या सगळ्यात मूळ मुद्दा असा, की पॉलिश आणि वॅक्स यांचं काम एकमेकांच्या बरोबर उलट आहे. वॅक्स वर चढतं. पॉलिश खालचं काढतं. पॉलिशमध्ये अतिशय बारीक खरवडणारी पूड असते. ती चऱ्याच्या दोन्ही कडा झिजवून त्याला आजूबाजूच्या सपाटीत मिसळून टाकते. म्हणजे चरा बुजत नाही, त्याच्याभोवतीचा सगळा मुलूख एका पातळीवर खाली येतो. (आपल्याकडच्या बऱ्याच सुधारणा याच तत्त्वावर होतात.) वर्षातून एखाद्या वेळी केलं तर ठीक. रोज सायंकाळी तासभर केलं तर गिटार आपण जपतोय की किसतोय हे कुणीतरी सांगायला हवं. मी एकदा सांगितलं. काका म्हणाले, "मग वर वॅक्स चढवतो ना मी! हिशेब जुळतो." बँकेतला माणूस. जमा-खर्चाची तोंडमिळवणी झाल्याशिवाय झोप लागत नाही.

त्या चपट्या डबीतलं वॅक्स मात्र मोठ्या घराण्यातलं आहे. त्याला कार्नौबा म्हणतात. ब्राझीलच्या ईशान्य भागात एक ताडासारखं झाड असतं, त्याच्या पानांवर ऊन आणि सुका वारा सोसण्यासाठी मेणाचा थर येतो. पानं कापून वाळवायची, झोडपायची, मेण पूड होऊन खाली पडतं. नैसर्गिक मेणांत इतकं कडक मेण सापडायचं नाही. मधमाशीचं मेण साठ-पासष्ट अंशांच्या आत वितळतं. हे ८२ ते ८६ अंशांपर्यंत दाद देत नाही. मे महिन्यात गिटार गाडीच्या डिकीत विसरलात, तर आतला सरस ढिला होऊन ब्रिज उचलला जाईल, पण वरचं कार्नौबा आपली जागा सोडणार नाही. हेच मेण मोटारींना लावतात, पोरांच्या चकाकणाऱ्या जेलीच्या गोळ्यांवर असतं आणि औषधांच्या गोळ्यांनाही त्याचाच झिलईचा हात देतात. म्हणजे काका रक्तदाबाची गोळी घेऊन गिटारला वॅक्स लावायला बसतात, तेव्हा ब्राझीलचं एकच झाड त्या कुटुंबाला आतून आणि बाहेरून सांभाळत असण्याची दाट शक्यता आहे.

पण कुणाला सांभाळतंय, हा खरा प्रश्न आहे. काकांची पहिली गिटार इथेच घेतलेली, नवशिक्यांची. अशा गिटारींवर सहसा पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टरचा थर असतो. साध्या भाषेत, टणक प्लास्टिक. त्यावर घाम बसत नाही, चहा बसत नाही, बाटल्यांतल्या रसायनांचाही काही इलाज चालत नाही. त्या गिटारला वॅक्सची गरज जेवढी, तेवढीच बादलीला असते. ओलसर फडकं फिरवा, कोरड्याने पुसा, संपलं. ही माहिती काकांना आवडली नाही. ज्याला आपली गरज नाही त्याची सेवा करण्यात मजा नसते.

मग न्यू जर्सीहून मुलगा आला आणि येताना अमेरिकन गिटार घेऊन आला. तिच्यावर नायट्रोसेल्युलोज लॅकर. काकांच्या आयुष्याला अर्थ प्राप्त झाला.

हे नायट्रोसेल्युलोज प्रकरण फार नाजूक, फार महाग आणि थोडंसं भयंकर आहे. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून ते बनतं. १८४० च्या दशकात बाझल शहरात शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने घरच्या स्वयंपाकघरात आम्लं सांडली, ती बायकोच्या ॲप्रनने पुसली, ॲप्रन चुलीजवळ वाळत टाकला आणि भपकन ॲप्रन नाहीसा झाला, अशी कथा सांगतात. बायको काय म्हणाली ते इतिहासाने नोंदवलेलं नाही, पण अंदाज बांधता येतो. त्यातून आधी बंदुकीची दारू निघाली. मग सिनेमाची फिल्म निघाली. आपल्या फाळक्यांच्या काळातली रिळं याच नायट्रेटची, आणि त्या काळचे कितीतरी मूकपट असेच जळून गेले. मग १९२० च्या दशकात अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीने त्याचा मोटारींचा रंग काढला. तोवर मोटारीचा रंग वाळायला आठवडे लागत, हा तासांत वाळू लागला. गिटारवाल्यांनी तो उचलला. कॅलिफोर्नियात लिओ फेंडर गिटारी बनवत होता, त्याने तर मोटारींच्या रंगांची पुस्तिकाच समोर ठेवली: फोर्डच्या थंडरबर्डचा फिएस्टा रेड, कॅडिलॅकचा लेक प्लॅसिड ब्लू. आज संग्राहक ज्या रंगासाठी घर गहाण टाकायला तयार होतात, तो मुळात कुणाच्यातरी गाडीच्या बॉनेटचा रंग आहे. जाता जाता आणखी एक: लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. ही गोष्ट काकांना मी सांगितली त्या दिवसापासून भिंतीवर त्याचा फोटो आहे.

"म्हणजे ही स्फोटक आहे का?" काकूंनी दारातून विचारलं.

वाळलेलं लॅकर उगाच फुटत नाही, हे मी समजावून सांगितलं. तरी काकूंनी खंडेनवमीला खबरदारी घेतली. काकांचा आग्रह होता की त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची, वाद्यांची पूजा होते तर गिटारचीही व्हायला हवी. काकूंनी झेंडूची माळ घातली, फूल वाहिलं, पण निरांजन चार फुटांवरून ओवाळलं. हळदकुंकवाला काकांनीच हरकत घेतली. हळद लॅकरच्या बारीक भेगांत शिरली तर निघणार नाही, म्हणून त्यांनी ते बोट गिटारच्या खोक्याला लावून घेतलं. खोकं न्यू जर्सीहून आल्यापासून टाकलेलं नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

नायट्रो लॅकरचं दुखणं असं की ते आयुष्यभर हळवंच राहतं. पॉलिएस्टरसारखं एकदा घट्ट झालं आणि सुटलो, असं नाही. थिनर पडला की पुन्हा विरघळतं. थंडीतून एकदम गरम खोलीत आणलं की त्याला केसासारख्या भेगा जातात. वय वाढलं की पिवळं पडतं. दमट हवेत त्याचा फवारा मारला तर ओल आत अडकून ते पांढुरकं होतं, म्हणून आपल्याकडे पावसाळ्यात जाणता रंगारी त्याला हात लावत नाही. काही रबरांशी आणि फोमांशी तर त्याचं उभं वैर. स्टँडच्या हातांवर जे मऊ रबर असतं, त्यातली रसायनं पाझरून लॅकर मऊ करतात. सहा महिन्यांनी गिटार उचलावी तर मानेवर स्टँडचा ठसा. काकांनी हे वाचलं त्याच रात्री स्टँडला मोजे चढले. बँकेतले, करड्या रंगाचे, सुती. काकांकडे गेलात तर हॉलच्या कोपऱ्यात एक गिटार कुणाच्यातरी दोन पायांत उभी असल्यासारखी दिसते. दचकू नका.

डास हा आणखी एक विषय. डास पळवणाऱ्या काही मलमांत डीट नावाचं रसायन असतं आणि ते लॅकरला आणि प्लास्टिकला खातं. हाताला चोळून गिटार मांडीवर घेतली की कोपराच्या जागी फिनिश चिकट. त्यामुळे अख्ख्या डेंग्यूच्या मोसमात काका गॅलरीत उघड्या हातांनी बसून गिटार पुसत होते. पुसताना मधूनच स्वतःच्या दंडावर फटका मारायचे. तेवढा एक ताल त्या काळात वरून ऐकू यायचा.

घरगुती उपायांची आपल्याकडे कधीच ददात नव्हती. काकूंच्या मोठ्या बहिणीने गिटार पाहिली आणि पहिल्यांदा खोबरेल तेल सुचवलं. त्या खोबरेल तेल प्रत्येकच गोष्टीला सुचवतात. कुणी म्हणालं टूथपेस्ट. यात तथ्य आहे, टूथपेस्टमध्ये खरवडणारी पूड असतेच. फक्त ती दातासाठी ठरवलेली असते आणि दाताचं कवच गिटारपेक्षा कितीतरी कठीण. कुणी विभूती म्हणालं, कुणी रांगोळी. रांगोळी म्हणणाऱ्या गृहस्थांशी काका अजून बोलत नाहीत. मात्र फ्रेटबोर्डच्या बाबतीत बहीणबाई जवळपास बरोबर होत्या. तिथे बहुतेक गिटारींवर शिसवीसारखं लाकूड उघडंच असतं, त्याला वर्षाकाठी तेलाचं बोट लागलं तर हरकत नसते. दुकानात त्यासाठी 'लेमन ऑइल' मिळतं, त्यात बरंचसं साधं खनिज तेल आणि लिंबाचा वास असतो. खोबरेल नको, ते पुढे खवट होतं. आणि ती शिसवी तरी कुठली? १९६० च्या दशकाच्या शेवटी ब्राझीलने आपल्या शिसवीचे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं, तेव्हा अमेरिकेतल्या मार्टिनसारख्या कंपन्या भारतीय शिसवीकडे वळल्या. दक्षिणेतलं झाड पेनसिल्वेनियाला जातं, गिटार होतं, न्यू जर्सीमार्गे आमच्या सोसायटीत येतं आणि काका त्याला परदेशी म्हणून वेगळं फडकं ठेवतात.

सगळ्यात मोठा अनर्थ मात्र फर्निचरच्या फवाऱ्याने होतो. टीव्हीच्या शोकेसवर मारून चकाचक करायचे ते फवारे. त्यात पुष्कळदा सिलिकोन असतं. एका फवाऱ्यात अशी झळाळी येते की माणूस बाकीच्या पाच बाटल्या फेकून देईल. दुखणं पुढे कळतं. लॅकरला भेग असली की सिलिकोन तिच्यातून लाकडात उतरतं आणि तिथे कायमचा मुक्काम ठोकतं. पुढे कधी टवका उडाला, दुरुस्तीला नेली, कारागिराने नवीन लॅकर मारलं, की ते त्या जागेवरून अंग चोरून बाजूला होतं आणि मध्ये गोल गोल खड्डे उरतात. कारागीर लोक त्याला माशाचा डोळा म्हणतात, आणि म्हणताना त्यांचे स्वतःचे डोळे पाहण्यासारखे असतात.

दादरला असे एक गोवेकर कारागीर आहेत. जुन्या हिंदी सिनेमांच्या वाद्यवृंदांत वाजलेल्या गिटारी त्यांच्या हाताखालून गेल्यात. दुसऱ्याच एका पॉलिशवीरांबरोबर मी सोबत म्हणून गेलो होतो. कारागिराने गिटार घेतली, नाकाजवळ नेली, हुंगली आणि विचारलं, "अंकल, शोकेसवरचा स्प्रे मारलाय?" आरोपीने मान खाली घातली. कारागीर पुढे काही बोलला नाही. भिंतीवरच्या ख्रिस्ताच्या तसबिरीकडे मात्र त्याने एकदा पाहिलं.

त्याचं स्वतःचं पॉलिश कुठलं, हे विचारायचा मोह आवरला नाही. त्याने गिटार जवळ घेतली, तोंड मोठं उघडलं आणि तिच्या पोटावर लांबलचक 'हाऽऽऽ' केलं. वाफ धरली. बाकड्यावरून जुना, असंख्य वेळा धुतलेला बनियन उचलून दोन हात फिरवले. डाग गेला. चिकट गोंदासारखं काही असेल तर लायटरमध्ये भरायचं नॅफ्था फडक्यावर थेंबभर. ते नायट्रोलाही सहसा बाधत नाही आणि पटकन उडून जातं. अर्थात सिगारेट लांब ठेवून. "बास?" मी विचारलं. "बास. 'हा' फुकट. बाकी सगळ्याचे पैसे." हे मी वर जाऊन काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तो 'हा' जेवणाआधीचा की नंतरचा?"

झळाळीचा खरा मान आपल्या लाखेचा, आणि तिचं नाव या बाटल्यांच्या गर्दीत कुणी घेत नाही. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात, राळेसारखा रस सोडतात. झारखंडात तिचं पीक घेतात, रांचीला १९२४ पासून तिच्यावर संशोधन करणारी संस्था आहे. ही लाख शुद्ध करून स्पिरिटमध्ये विरघळवायची, मलमलीत कापसाचा बोळा गुंडाळून बुडवायचा आणि गिटारवर वर्तुळं काढत हात फिरवत राहायचं. थरावर थर, दिवसांमागून दिवस, आणि शेवटी सगळे थर मिळून जाडी नावापुरतीच. याला जगात फ्रेंच पॉलिश म्हणतात. किडा आपला, झाड आपलं, नाव फ्रान्सचं. स्पेनमधल्या उत्तम शास्त्रीय गिटारी अजूनही याच लाखेने चमकतात. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यासुद्धा लाखेच्याच. आणि पॉलिशवर उधळपट्टी करण्यात आपला हात कुणी धरू नये; कौरवांनी तर लाखेचं अख्खं घर बांधलं होतं, आणि वॉर्निशचा वास विदुराला आधीच आला म्हणून पांडव वाचले.

मिरजेत ही कला सतार-तंबोऱ्यांवर चालते. तिथल्या वाद्यकारांचे पूर्वज शिकलगार. तलवारी-भाल्यांना धार लावायची आणि त्यांना लखलखीत करायचं हा त्यांचा धंदा. एकोणिसाव्या शतकात लढाया आटोपल्या, तलवारी खुंटीला लागल्या आणि फरीदसाहेब शिकलगारांसारख्यांचे हात वाद्यांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. घासण्याचा वारसा म्हणतात तो हा. काकांनी हे ऐकून आपल्या फडक्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं खरं, पण फरक असा की शिकलगारांची तलवार शेवटी कुणीतरी चालवायचं.

लाखेचा एकच दोष. दारूत विरघळते. थेंब सांडला आणि पुसायला उशीर झाला की तिथे पांढरा डाग नाहीतर खड्डा. गोव्यात गिटारपुढे फेणी असणं अटळ, त्यामुळे तिथल्या जाणत्या माणसाच्या घरी लाखेची गिटार एका खोलीत आणि मैफल दुसऱ्या खोलीत असायला हवी. नायट्रोला स्टँड छळतो, पॉलिएस्टरला कुणीच छळत नाही आणि फ्रेंच पॉलिशला एकच प्याला पुरतो.

आता पुतण्याकडे यावं लागेल. काकांचा पुतण्या इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. खरोखर वाजवतो, एफ कॉर्डसकट. त्याने नवीकोरी गिटार आणली आणि दुसऱ्या दिवशी तिला पॉलिशपेपर लावला. काका तिथे होते. त्यांना आधी वाटलं, पॉलिशच करतोय, आपल्यावर गेलाय. जवळ जाऊन पाहतात तर पोरगा कडेचा रंग काढतोय, लाकूड उघडं करतोय. नंतर किल्ल्यांचा जुडगा घेऊन पाठीवर आपटला. याला 'रेलिक' म्हणतात. फेंडरच्या कस्टम शॉपने १९९५ पासून मुद्दाम झिजवलेल्या गिटारी विकायला काढल्या, आणि कोऱ्या गिटारपेक्षा त्या महाग असतात. ज्या डागांसाठी काका उभा खण बाटल्यांनी भरतात, तेच डाग तिथे पगारी माणसं बसून पाडतात.

याच्या मागे देवमाणसं आहेत. आयर्लंडचा रॉरी गॅलाघर आपली १९६१ ची स्ट्रॅटोकास्टर इतका घाम गाळून वाजवायचा की तिचा बहुतेक रंगच निघून गेला होता. अमेरिकन गायक विली नेल्सनने १९६९ साली एक मार्टिन गिटार न पाहताच ७५० डॉलरला घेतली. ती नायलॉन तारांची, बोटांनी वाजवायची, नखीचे चरे झेलणारी पट्टी, म्हणजे पिकगार्ड, नाही. हा गडी प्लास्टिकच्या नखीने वाजवत सुटला आणि वाजवता वाजवता आवाजाच्या भोकाखाली दुसरं भोक पाडलं. गिटारचं नाव ट्रिगर. तिच्यावर शंभराहून जास्त लोकांच्या सह्या आहेत. ऑस्टिनचा एक वाद्यकार तिला वेळोवेळी आतून आधार देतो, वरून लॅकरचा हात देतो, पण भोक बुजवत नाही. काकांना ट्रिगरचा फोटो दाखवला. फोटोवर दोन बोटं ठेवून त्यांनी तो मोठा केला, सह्या निरखल्या. म्हणाले, "सही जुळेलही. पण हा माणूस कर्जाला पात्र नाही."

पुतण्याचा प्रयोग फसला. त्याच्या गिटारवर पॉलिएस्टर होतं. ते झिजत नाही, टवका होऊन उडतं. जुन्या वाद्याऐवजी ती गिटार जिन्यावरून पडल्यासारखी दिसायला लागली. भेगा तरी पडाव्यात म्हणून त्याने मान खोलून बाजूला ठेवली (फेंडरच्या पद्धतीची गिटार, चार स्क्रू काढले की दोन भाग) आणि धड फ्रिजमध्ये घातलं. सकाळी काकूंनी दूध काढायला दार उघडलं. पॉलिएस्टरला तर भेगा गेल्या नाहीतच, पण कोथिंबिरीच्या जुडीखाली दोन शिंगांचं लाल धड बघून काकूंच्या सहनशक्तीला मात्र गेली. त्या शांतपणे म्हणाल्या, "दोघं मिळून एकच घ्या. एकाने घासायची, दुसऱ्याने पुसायची. तेवढीच घरात शांतता."

पुतण्याचं म्हणणं, आवाजासाठी करतोय. पातळ थर, उघडं लाकूड, लाकूड श्वास घेतं. कापलेलं, वाळवलेलं, चिकटवलेलं लाकूड इतक्या वर्षांनी श्वास कशाला घेईल हे विचारायचं नाही. जाड थराने गिटारचं पातळ पान जड होतं आणि कमी हलतं, एवढं खरं, पण तेही ॲकॉस्टिकचं. इलेक्ट्रिकच्या ओंडक्याला त्याचं काय! ॲकॉस्टिकमध्येही सगळा खेळ त्या वरच्या पानाचा, हे दाखवायला स्पेनच्या तोरेस नावाच्या वाद्यकाराने १८६२ साली बाजू आणि पाठ कागदाच्या लगद्याची करून गिटार बनवली होती. ती आजही बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. तिला पॉलिश करायला काकांना बोलावू नये, एवढीच प्रार्थना.

कारण काकांचा हात आता घराबाहेर फिरायला लागलाय. गणपतीत सोसायटीतल्या एका मुलीने तिची गिटार मंडपात ठेवली होती. मॅट फिनिशची, मुद्दाम निस्तेज ठेवलेली. मॅट गिटारला पॉलिश लावायचं नसतं. तिची जाडीभरडी त्वचा घासली की गुळगुळीत होते आणि मग ती परत निस्तेज करता येत नाही. आरतीच्या वेळी सगळे टाळ्या वाजवत होते आणि काका मागे बसून 'बिचारी किती काळवंडलीये' म्हणत होते. प्रसाद वाटेपर्यंत गिटारच्या पोटावर ताटलीएवढा लखलखीत चंद्र उगवला होता. मुलीची आई आता लिफ्टमध्ये काका असले तर जिन्याने जाते.

गेल्या आठवड्यात सर आले होते. न्यू जर्सीची गिटार मोज्यांत उभी होती, म्हणून त्यांनी पहिली, इथली गिटार उचलली. बोट फिरवलं आणि थबकले. भोकाशेजारच्या काळ्या पिकगार्डवर बुडबुडे होते. नीट पाहिलं. दुकानातून येताना त्यावर जी पातळ प्लास्टिकची फिल्म असते ती तशीच होती. काढलीच नव्हती. काकांच्या घरी टीव्हीच्या रिमोटवर आहे, फ्रिजच्या हँडलवर आहे, गाडीच्या सीटवर आहे, मग इथेच का निघेल? सरांनी नखाने एक कोपरा उचलला.

"अहो सर, सर, सर!" काका खुर्चीतून अर्धे उठले.

"काका, ही काढायची असते. नखीचा आवाज बघा कसा फटफट येतोय. आणि बघा ना, सगळी चरचरून गेलीये ही."

"तेच तर विचारायचं होतं तुम्हाला," काका पिवळं फडकं पुढे करत म्हणाले. "फिल्मवरचे चरे जायला कुठलं वॅक्स बरं पडेल?"